स्पार्टाचा आठवडा

माझी मुलगी सातवीत होती तेव्हाची ही गोष्ट. फेब्रुवारी संपत आला होता आणि अमेरिकेतल्या आमच्या ट्रॉय गावातला बर्फ त्या वर्षी हटायचं नाव घेत नव्हता. शाळेतून आल्यावर तिने दारातच बूट काढले, दप्तरातून एक गुलाबी कागद काढून माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "आई, साइन हवी आहे. आणि ब्राउन कापड आहे का आपल्याकडे? मला टोपी लागणार आहे."

"कसली टोपी?"

"हेलॉटची. नेक्स्ट वीक स्पार्टा वीक आहे. आय गॉट हेलॉट."

हेलॉट हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. तिच्या वर्गात जानेवारीपासून प्राचीन ग्रीकांचा इतिहास चालू होता आणि मला त्याचं कौतुक होतं. ग्रीकांशी माझी ओळख लहानपणी झाली ती कार्ल्याच्या लेण्यात. बाबा विदर्भातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी आम्हाला तिथे नेलं होतं आणि चैत्यगृहातल्या एका खांबावरची अक्षरं दाखवून म्हणाले होते, "हा खांब एका यवनाने दान दिलाय. यवन म्हणजे ग्रीक. इतक्या लांबून आलेला माणूस, पण तू कुठला, कोण, म्हणून त्याला कोणी बाहेर थांबवलं नाही." ही गोष्ट मी मुलीला सांगितली होती, तिने वर्गात सांगितली होती, आणि तिचे सर इतके खूश झाले होते की त्यांनी मला ईमेल करून त्या खांबाचा फोटो मागवला होता.

त्यामुळे मी कागदाची पुढची बाजू वाचली आणि सही करून टाकली. पुढच्या बाजूला एवढंच होतं: मुलं एक आठवडा स्पार्टाचा समाज करून बघणार, हॅटमधून चिठ्ठ्या काढून भूमिका दिल्या आहेत, सहा जण स्पार्टन, आठ जण व्यापारी आणि कारागीर, बारा जण हेलॉट. मागची बाजू मी उलटलीच नाही. ऑफिसात त्या आठवड्यात एका नव्या गाडीच्या ब्रेकचं टेस्टिंग चाललं होतं आणि घरी येईस्तोवर माझं डोकं जड झालेलं असायचं. रविवारी दुपारी मी तिच्या एका जुन्या लोकरी कोटाच्या अस्तराची टोपी शिवली. कडेला रुंद दुमड घातली, म्हणजे कानावर ओढता येईल. तिने ती घालून आरशात पाहिलं आणि म्हणाली, "परफेक्ट."

सोमवार नीट गेला. मंगळवारी मुलींना शाळेतून आणायची पाळी माझी होती. आमचं तीन वर्षांपासून कारपूल होतं, दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या एका पुण्याच्या कुटुंबाबरोबर. त्यांची मुलगी माझ्या मुलीच्याच वर्गात, अगदी जिवाभावाची मैत्रीण. त्या मुलीची आई मराठी मंडळाची उत्साही कार्यकर्ती. माझी मुलगी तिला मावशी म्हणायची. त्या दिवशी तिची गाडी दुरुस्तीला होती म्हणून ती माझ्या शेजारच्या सीटवर होती.

घंटा झाली, मुलं बाहेर पडली. आधी दिसली तिची मुलगी. अंगावर आईची लाल ओढणी खांद्याला पिन लावून अडकवलेली, मान ताठ. तिच्यामागे तीन पावलांवर माझी मुलगी. डोक्यावर ती तपकिरी टोपी, दोन्ही खांद्यांवर एकेक दप्तर, नजर जमिनीवर. पुढची थांबली की मागची थांबायची. पुढची चालली की चालायची. गाडीपाशी आल्यावर माझ्या मुलीने मागचं दार उघडलं, मैत्रीण आत बसली, मग दुसऱ्या बाजूने ही बसली.

"अगं, बघ तरी कसं मन लावून करतायत," मावशी म्हणाली. तिने फोन काढून केव्हाच फोटो घेतला होता.

माझे हात स्टिअरिंगवर होते. ते तिथेच असू देत असं मी स्वतःला सांगितलं. मागे दोघी हसत होत्या, गणिताच्या टेस्टबद्दल बोलत होत्या. म्हणजे खेळ शाळेच्या गेटापर्यंतच होता.

चहा करायला ठेवला आणि फोन वाजला. मंडळाच्या ग्रुपवर तो फोटो आला होता. खाली लिहिलं होतं, "आमची स्पार्टन आणि तिची हेलॉट." पंधरा-वीस जणांनी हसरे चेहरे टाकले होते. मी त्या एका शब्दाकडे बघत राहिले. तिची.

मग मी तो गुलाबी कागद शोधला आणि मागची बाजू वाचली. हेलॉटांनी वर्गात मागे जमिनीवर बसायचं. स्पार्टनने विचारल्याशिवाय बोलायचं नाही. त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवायचा नाही. त्यांची पुस्तकं उचलायची. ओळखू यावं म्हणून टोपी घालायची. आणि शुक्रवारी जिममध्ये शेवटचा खेळ: स्पार्टन हेलॉटांची शिकार करणार, ज्याच्या खांद्याला हात लागेल त्याने तिथेच आडवं पडायचं. खाली माझी सही होती.

नवरा सातला आला. मी त्याच्यापुढे आधी फोन धरला, मग कागद. तो आयटीत आहे, स्वभावाने शांत, आधी पूर्ण वाचतो मग बोलतो. वाचून झाल्यावर त्याने चष्मा काढला.

"सरांना लिही," तो म्हणाला. "पण काय लिहिणार आहेस ते ठरव आधी."

"म्हणजे?"

"म्हणजे बाकीच्या अकरा मुलांच्या आईबापांना यात काही वाटलेलं नाही. तुला का वाटलं ते सांगायला लागेल. आणि ते त्यांना सांगण्याआधी हिला सांगायला लागेल. सांगितलंय का आपण कधी?"

नव्हतं सांगितलं. ती इथेच जन्मली. घरात बुद्धाची मूर्ती आहे, मे महिन्यात पौर्णिमेला खीर होते, फोनवर आजी-आजोबांशी बोलताना आम्ही जयभीम म्हणतो. हे सगळं तिला ठाऊक होतं, पण त्यामागचं नाही. मोठी झाल्यावर सांगू, असं आम्ही दोघं म्हणत आलो होतो. खरं तर मनात वेगळंच होतं. सांगितलंच नाही तर कदाचित तिच्यापुरतं ते संपून जाईल, असं.

"तिला हा खेळ वाटतोय," नवरा म्हणाला. "तू सांगशील तेव्हापासून तिला तो खेळ वाटणार नाही. बघ बाई, ठरव."

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मी गाडीत जाऊन बसले, हीटर लावला आणि फोनवर हेलॉटांबद्दल वाचलं. शेजारच्या मेसेनियाची माणसं. स्पार्टाने त्यांची जमीन जिंकली आणि त्यांनाच त्या जमिनीवर राबायला ठेवलं, पिढ्यानपिढ्या. त्यांना कुत्र्याच्या कातड्याची टोपी घालायला लावत, असं एका जुन्या ग्रीक लेखकाने लिहून ठेवलंय. काही गुन्हा नसला तरी दरवर्षी ठरलेले फटके द्यायचे, आपण गुलाम आहोत हे विसरू नये म्हणून. दरवर्षी स्पार्टा त्यांच्याविरुद्ध रीतसर युद्ध जाहीर करी, म्हणजे त्यांना मारलं तर पाप लागू नये. आणि एकदा म्हणे जाहीर केलं, लढाईत ज्यांनी सर्वांत जास्त पराक्रम केला त्यांनी पुढे या, त्यांना मुक्त करू. दोन हजार जण पुढे आले. त्यांना मुकुटासारख्या माळा घातल्या, देवळांतून फिरवलं. पुढे ते सगळे नाहीसे झाले. कसे, ते कोणालाच कळलं नाही.

टोपीपाशी मी वाचायचं थांबले होते आणि पुन्हा मागे गेले होते. ती टोपी मी माझ्या हातांनी शिवली होती.

सरांना मी तीन ईमेल लिहिल्या आणि तिन्ही पुसल्या. चौथीत एवढंच लिहिलं की मला भेटायचं आहे. दहा मिनिटांत उत्तर आलं: उद्या शाळा भरायच्या आधी, सव्वासातला.

त्या संध्याकाळी जेवताना मुलगी खुशीत होती. वरणभात कालवता कालवता म्हणाली, "सर म्हणाले मी बेस्ट हेलॉट आहे. बाकीचे विसरतात आणि वर बघतात. आय नेव्हर लुक अप."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

मी तिला सांगितलं. कुठून सुरू करावं ते कळेना म्हणून आठवलं तिथून सुरू केलं. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा पहिला दिवस. नोटीस बोर्डावर प्रवेशाची यादी लावलेली. नाव, मार्क आणि शेवटच्या रकान्यात कॅटेगरी. मुलं बोट ठेवून ठेवून यादी वाचत होती, आणि बोट नावावरून सरकत शेवटच्या रकान्याकडे जायचं. माझ्या ओळीवर एक बोट थांबलेलं मी मागे उभी राहून पाहिलं. ज्या मुलीचं ते बोट होतं ती हॉस्टेलमध्ये माझ्या खोलीत राहणार होती. दुपारपर्यंत तिने खोली बदलून घेतली होती. मग मी मुलीला तिच्या आजोबांबद्दल, माझ्या बाबांबद्दल सांगितलं. बदलीच्या गावी खोली बघायला गेले की आडनाव सांगेपर्यंत खोली रिकामी असायची. त्याच्याही मागचं सांगितलं, मला जेवढं ठाऊक आहे तेवढं. ती जेवायची थांबली होती.

"सो वी वेअर हेलॉट्स," ती म्हणाली.

"हेलॉट नाही. पण जन्मावरून ठरवलेलं, हे तसंच."

"तिला माहीत आहे?" म्हणजे मैत्रिणीला.

"नसावं. तिच्या आईला आमच्या आडनावावरून कळलं असेल. आम्ही कधी बोललो नाही."

ती रडेल असं मला वाटलं होतं. तिचा चेहरा मात्र कठीण झाला. "यू शुड हॅव टोल्ड मी," ती म्हणाली. "मी बेस्ट व्हायच्या आधी." आणि ताट तसंच ठेवून खोलीत गेली.

गुरुवारी सकाळी मी शाळेत पोचले तेव्हा नीट उजाडलंही नव्हतं. सर वर्गात एकटेच होते. पन्नाशीचे, पांढरी दाढी, स्वेटरच्या कोपरांना ठिगळं. फळ्याशेजारी तिन्ही गटांच्या याद्या लावल्या होत्या. सर्वांत खालच्या यादीत माझ्या मुलीचं नाव चौथं. मी काही बोलायच्या आधी तेच म्हणाले, "काळजी वाटली असणार तुम्हाला. दरवर्षी एक-दोन पालक येतात. पण हे मी का करतो ते सांगतो. माझे आजोबा मेसेनियातले. हेलॉटांच्या मुलखातले. स्पार्टा म्हटलं की प्रत्येक मुलाला ढाल-भाला घ्यायचा असतो, टी-शर्टवर तेच असतं. ज्यांच्या कष्टावर ते जेवत होते त्यांची आठवण कोणाला नसते. आठवडाभर जमिनीवर बसलं की ती राहते."

मी भांडायची तयारी करून गेले होते आणि हा माणूस भांडण्यातला नव्हता. त्यामुळे जास्तच अवघड झालं.

"सर, चिठ्ठीने हेलॉट होणं वेगळं," मी म्हणाले. "चिठ्ठीवाल्याला शुक्रवार असतो."

"बरोबर. म्हणून तर बारा वर्षांच्या मुलांना ते झेपतं."

"सगळ्यांना सारखंच झेपतं असं नाही." या देशात येऊन मला सोळा वर्षं झाली होती. ऑफिसात कोणी विचारलं तर मी 'इंडियन' म्हणायचे, फार तर 'बुद्धिस्ट'. त्यापुढचा शब्द मी इथे कोणापुढे उच्चारला नव्हता. तो उच्चारला. माझे पणजोबा गावात कुठून चालू शकत होते आणि कुठून नाही ते सांगितलं. मान खाली घालून चालणं हा त्यांच्यासाठी गृहपाठ नव्हता, हे सांगितलं. काल तुम्ही माझ्या मुलीला शाबासकी दिलीत ती तिला छान जमलं म्हणून, पण आमच्या घरात तीन पिढ्या ते जमू नये म्हणून शिकल्या.

सर खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. ते म्हणाले, "तिला यातून काढू का?"

"नको. ती निघाली की तिच्या जागी दुसरं कोणीतरी बसेल."

त्यांनी भिंतीवरच्या यादीकडे पाहिलं. "शुक्रवारची शिकार मी रद्द करतो," ते म्हणाले. "आजच सांगतो मुलांना."

बाहेर पडताना मला हलकं वाटत होतं. दिवसभर वाटत होतं.

दुपारी मुलगी घरात आली आणि बूट न काढता उभी राहिली.

"यू कॅन्सल्ड इट."

"सरांनी केलं. मी फक्त..."

"आई, आमचा प्लॅन होता."

मग ते बाहेर आलं. सोमवारपासून त्या बारा जणांचं ठरत होतं. मेसेनियाची माणसं एकदा, मोठा भूकंप झाला तेव्हा, उठली होती आणि इथोम नावाच्या डोंगरावर जाऊन बसली होती. स्पार्टाला कित्येक वर्षं त्यांना खाली उतरवता आलं नव्हतं. हे हिने पुस्तकात वाचलं होतं. शिकार सुरू झाली की कोणी आडवं पडायचं नाही, सगळ्यांनी जिममधल्या खेळ बघायला बसायच्या पायऱ्यांवर अगदी वर जाऊन बसायचं, असा बेत होता. चिठ्ठ्या फिरत होत्या टोप्यांच्या दुमडीतून. "मान खाली असली की टोपीत काय चाललंय ते कोणाला दिसत नाही," ती म्हणाली. "म्हणून मी वर बघत नव्हते."

मी खुर्चीत बसले.

"आणि तू काल ते सगळं सांगितलंस," ती म्हणाली, "तेव्हापासून तर मला ते करायचंच होतं. आणि तू जाऊन ते थांबवलंस. मला न विचारता. यू जस्ट डिसाइडेड."

मी सॉरी म्हणाले. ती वर गेली.

शुक्रवारी साडेदहाला मी टेस्ट बेंचपाशी होते तेव्हा शाळेतून फोन आला. उपमुख्याध्यापिका बोलत होत्या. माझी मुलगी आणि आणखी अकरा विद्यार्थी वर्ग सोडून जिममध्ये गेले आहेत, पायऱ्यांवर अगदी वर बसले आहेत आणि खाली यायला नकार देत आहेत. पडण्याचा धोका आहे. मी ताबडतोब येऊ शकेन का?

रस्त्यावर बर्फाचा पातळ थर होता. मी जितकं जमेल तितकं सावकाश चालवायचं ठरवलं आणि ते जमलं नाही. डोक्यात एकच विचार. शाळेत एक पोलीस नेमलेला असतो. आमचं ग्रीन कार्ड अजून अडकलेलं होतं, मी आणि नवरा दोघंही नोकरीच्या व्हिसावर. मुलीच्या नावावर शाळेत काही नोंदलं गेलं तर त्याचा कशाशी काय संबंध लागेल, मला काही कळत नव्हतं, आणि न कळणं जास्त वाईट होतं.

जिमच्या दारापाशी तो पोलीस होताच. पट्ट्यात अंगठे अडकवून, भिंतीला टेकून उभा. उपमुख्याध्यापिकांच्या हातात वॉकी-टॉकी होता. सर मधोमध, एकटे. आणि समोर सर्वांत वरच्या ओळीत बारा मुलं, खांद्याला खांदा लावून. बाराही जणांच्या डोक्यावर टोप्या. माझी मुलगी मधून जराशी डावीकडे. तिने मला आत येताना पाहिलं. माझ्या डोळ्यांत सरळ पाहिलं आणि नजर हलवली नाही.

"तिला खाली यायला सांगा," उपमुख्याध्यापिका मला हळू आवाजात म्हणाल्या. "ती आली की बाकीचे येतील."

ते खरं असावं. मी हाक मारली असती तर ती आली असती, असं मला आजही वाटतं. पण आदल्या दिवशीचं ताजं होतं. मी दोन पावलं पुढे गेले आणि मराठीत विचारलं, "काय हवंय तुम्हाला?"

घरात माझ्या मराठीला ती निम्मं इंग्रजीत उत्तर देते. बाहेर, शाळेच्या माणसांपुढे, तर मराठी शब्दही तोंडातून काढत नाही. ती उठून उभी राहिली. मला भीती वाटली की तोल जाईल.

"आई, आम्हाला लिहून हवंय," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "सरांनी रद्द केलं. म्हणजे सर परत चालू पण करू शकतात. आम्हाला लिहून हवंय."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी इंग्रजीत सांगितलं. पोलिसाने भिंतीवरून पाठ काढली. उपमुख्याध्यापिका म्हणाल्या, "शाळा मुलांशी करार करत नाही."

सर मात्र पायऱ्यांकडे बघत होते. "इथोमवरून ते कराराने उतरले होते," ते कोणालाच उद्देशून नसल्यासारखे बोलले. मग त्यांनी खिशातून पेन काढलं, खाली फरशीवर मांडी घालून बसले आणि गुडघ्यावर वही ठेवून वर बघून म्हणाले, "अटी सांगा."

वर कुजबुज झाली. एकेक अट वेगवेगळ्या मुलाने सांगितली, त्यांनी तेही वाटून घेतलं होतं. पुढच्या वर्षी हॅटमधून चिठ्ठ्या नाहीत. सोमवारी वर्गात प्रत्येक हेलॉट बोलेल आणि त्याचं होईपर्यंत कोणी मध्ये बोलणार नाही, सरसुद्धा. कोणाला शिक्षा नाही. पहिल्या दोन सरांनी लिहिल्या. तिसरीपाशी ते थांबले आणि उपमुख्याध्यापिकांकडे बघितलं. त्या नाही म्हणाल्या. परवानगीशिवाय वर्ग सोडला आहे, एक दिवस जेवणाच्या सुट्टीत वेगळं बसावं लागेल. घरच्यांना पत्र जाणार नाही, एवढं त्या करू शकतात. पुन्हा कुजबुज. ती मला फार लांबली असं वाटलं. घड्याळात पाहिलं तर दोन मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

"ओके," माझी मुलगी म्हणाली.

सरांनी सही केली. मुलं एकामागून एक, बाकांना धरून, उतरली. पोलीस बाजूला सरकला. जिमच्या दाराला काच आहे. त्या काचेपलीकडे लाल ओढणी घेतलेली मैत्रीण उभी होती. ती कधीपासून तिथे होती मला माहीत नाही. माझी मुलगी तिच्याजवळून गेली तेव्हा दोघी काही बोलल्या नाहीत.

शनिवारी सकाळी मावशी आली. फोन न करता, थेट दारात. मी आत बोलावलं, चहा टाकला. ती ओट्यापाशी उभीच राहिली.

"तो फोटो मी ग्रुपवरून काढून टाकला," ती म्हणाली.

"बघितलं मी."

"मला खरंच सुचलं नाही गं. लिहिताना." मग थोड्या वेळाने, "तुझ्या मुलीने हिला काही सांगितलं असावं, काल घरी येऊन हिने मला विचारलं, आई, व्हॉट आर वी? म्हणजे आपण कोण, त्यांच्यात आणि आपल्यात काय आहे. मी म्हटलं, इथे अमेरिकेत ते सगळं नाहीये. तर म्हणाली, मग ती वर का जाऊन बसली?"

मी चहा गाळला. काही म्हणण्यासारखं होतं, पण ते तिच्या मुलीला तिने सांगायचं होतं.

"तू आधी बोलली असतीस तर बरं झालं असतं," ती म्हणाली.

"हो," मी म्हणाले. "आणि तू आडनाव ऐकलंस तेव्हा बोलली असतीस तर?"

तिने कप दोन्ही हातांत धरला. ती चिडली नाही, माफीही मागितली नाही. जवळजवळ पाऊण तास बसली, जास्त करून बर्फाबद्दल आणि गाडीच्या दुरुस्तीबद्दल बोलली. सोमवारी सकाळी ठरल्याप्रमाणे तिची गाडी आमच्या दारात होती. कारपूल वर्षअखेरपर्यंत चाललं. त्या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही. मुलींची मैत्री राहिली, पण पहिल्यासारखी घट्ट नाही. आठवीत वर्ग वेगळे झाले आणि ती आपोआप सैल पडत गेली. ती त्या आठवड्यामुळे सैल झाली की वयामुळे, हे मी कोणालाच विचारलं नाही.

सोमवारी वर्गात माझी मुलगी काय बोलली ते मला ठाऊक नाही. मी विचारलं. ती म्हणाली, "दॅट्स फॉर द क्लास." मार्चमध्ये सर पालकसभेत भेटले तेव्हा त्यांनाही विचारायचा मोह झाला होता. ते तिच्या निबंधाबद्दल बोलले, तिचं वाचन चांगलं आहे म्हणाले, आणि मी गप्प राहिले. जेवणाच्या सुट्टीतली ती शिक्षा बाराही जणांनी एकत्र भोगली. सर स्वतःचं सँडविच घेऊन त्यांच्यात जाऊन बसले होते, एवढं मात्र तिने घरी सांगितलं.

त्या सोमवारनंतरच्या रविवारी सकाळी नागपूरहून माझ्या सासऱ्यांचा व्हिडिओ कॉल आला. आयुष्यभर रेल्वेत नोकरी केलेले, आता कमी ऐकू येतं. नातीने त्यांना सगळी हकीकत मोडक्या मराठीत सांगितली, टोपी, चिठ्ठ्या, पायऱ्या, पोलीस. मध्ये मध्ये शब्द अडला की माझ्याकडे बघायची आणि मी तो पुरवायचे. ते कानामागे हात धरून ऐकत होते. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "खाली उतरल्यावर कोणी अंगावर हात टाकला का?"

तिला प्रश्न समजला नाही. मी इंग्रजीत सांगितला, तरी ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग फोनकडे वळून म्हणाली, "नाही आबा. कोणी नाही."

"मग ठीक," ते म्हणाले, आणि तिकडे ऊन किती वाढलंय ते सांगू लागले.